आशियात आपण पहिले होतो तेव्हा आशिया केवढा होता?

प्रश्न थोडक्यात असा आहे. आजोबा सांगतात, भारताचा फुटबॉल संघ एकेकाळी आशियात अव्वल होता आणि ऑलिम्पिकमध्ये चौथा आला होता. २०२५ च्या अखेरीस तोच संघ जागतिक क्रमवारीत १४० च्या पलीकडे होता. मग घसरण नेमकी कधी झाली? १९५० चा वर्ल्डकप आपण बूट नव्हते म्हणून सोडला, हे खरं का? आणि १९६२ चा संघ आजच्या संघापुढे टिकला असता का?

तिन्हींची उत्तरं देतो, फक्त क्रम माझा. तीसेक वर्षं मी पोरांना फुटबॉल शिकवतोय आणि त्याच्याही आधीपासून भारताच्या सामन्यांचे निकाल एका वहीत उतरवून ठेवतोय. पेपरातल्या तक्त्यात नसतात असे तीन रकाने त्या वहीत आहेत. सामना कुठे झाला, समोरच्याने पूर्ण ताकदीचा संघ उतरवला होता का, आणि हरलो असतो तर काय गमावलं असतं. हे तीन रकाने भरले की बऱ्याच लाडक्या गोष्टींचा रंग थोडा उडतो, आणि काही विसरलेल्या सामन्यांना उजाळा मिळतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. आपण कड्यावरून खाली पडलो नाही. आपण जवळपास तिथेच उभे राहिलो आणि बाकीचे पुढे निघून गेले. त्यातली वीसेक वर्षं तर आपण मोठ्या शर्यतीच्या रेषेवर जाऊन उभेही राहिलो नाही. घसरणीची तारीख शोधायची तर ती एखाद्या पराभवाची निघणार नाही. आपण जे सामने खेळलोच नाही, त्यांत ती सापडेल.

आता बुटांचं. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये आपले बहुतेक खेळाडू अनवाणी किंवा पायाला पट्ट्या बांधून खेळले, हे खरं. कर्णधार नागा टेकड्यांतले डॉ. तालिमेरेन आओ. फ्रान्सविरुद्ध सारंगपाणी रामन यांनी बरोबरी साधून दिली, पण आपण दोन पेनल्टी वाया घालवल्या आणि शेवटच्या मिनिटांत गोल खाऊन २-१ ने हरलो. दोन पेनल्टी! पायात बूट असते तर त्या आत गेल्या असत्या का, यावर पूर्वी कट्ट्याकट्ट्यावर वाद रंगत.

१९५० च्या वर्ल्डकपची हकिकत वेगळी आहे. आशियाई गटात आपल्याबरोबर फिलिपिन्स, इंडोनेशिया आणि बर्मा होते. तिघांनी माघार घेतली आणि आपण एकही चेंडू न मारता पात्र ठरलो. सोडतीत स्वीडन, इटली आणि पराग्वे यांच्या गटात नावही लागलं. प्रवासखर्चाचा मोठा वाटा उचलायला ब्राझीलचे आयोजक तयार होते. तरी आपल्या महासंघाने नकार कळवला, आणि कारण दिलं ते सरावाला अपुरा वेळ आणि संघनिवडीवरचे मतभेद. बुटांचा त्यात उल्लेख नाही. अनवाणी खेळण्याची बंदी आड आली ही गोष्ट मागाहून चिकटली, आणि ती ऐकायला इतकी गोड आहे की अजून सुटत नाही. कर्णधार झाले असते ते सैलेन मन्ना. त्यांनी पुढे सांगितलं होतं की त्या काळी आमच्या लेखी ऑलिम्पिकच सर्वस्व होतं, वर्ल्डकपचं मोल कुणाला फारसं ठाऊकच नव्हतं. मला हे पूर्ण पटतं. पुढच्याच मार्चमध्ये दिल्लीत पहिले आशियाई खेळ व्हायचे होते आणि सगळ्यांची नजर तिकडे होती. ब्राझीलला न जाण्याला आज आपण ऐतिहासिक घोडचूक म्हणतो, पण तेव्हाच्या माणसांना ती एक लांबची, अवघड सफर टळल्यासारखी वाटली असणार.

दिल्लीत मात्र काम चोख झालं. इंडोनेशिया ३-०, अफगाणिस्तान ३-०, अंतिम सामन्यात इराण १-०, गोल साहू मेवालाल यांचा. तीन सामन्यांत एकही गोल खाल्ला नाही. पण माझ्या वहीतला रकाना सांगतो की स्पर्धेत संघ होते सहा. सुवर्णाची किंमत त्याने कमी होत नाही, मात्र 'आशियात पहिले' म्हणताना तो आशिया केवढा होता हे लक्षात ठेवावं. आशियाई महासंघसुद्धा अजून जन्मायचा होता. तो १९५४ मध्ये १२ सदस्यांनी स्थापन केला, त्यात आपण होतो. आखातातले आजचे अनेक बलाढ्य संघ तेव्हा देश म्हणूनही नकाशावर नव्हते.

दिल्लीच्या यशाची हवा हेलसिंकीत उतरली. १९५२ च्या ऑलिम्पिकमध्ये युगोस्लाव्हियाने आपल्याला १०-१ ने धुतलं. एकमेव गोल अहमद खान यांचा. या मारानंतर महासंघाने बूट सक्तीचे केले. म्हणजे बुटांची खरी गोष्ट १९५० च्या ब्राझीलची नसून १९५२ च्या फिनलंडची आहे.

इथून पुढची दहा वर्षं मला सगळ्यात आवडतात, आणि त्याचं कारण एक माणूस आहे. सय्यद अब्दुल राहीम. पेशाने शिक्षक, हैदराबादचे, हैदराबाद पोलिसांचा संघ त्यांनी घडवला होता. कोलकात्याचे क्लब जुन्या पद्धतीने दोन बॅक ठेवून खेळत असताना सेंटर हाफला मागे घेऊन तिसरा बॅक करायचा आग्रह त्यांनी धरला. सरावाला ते अशा स्पर्धा लावत की ज्यात ड्रिबलिंग करायचं नाही, किंवा फक्त कमजोर पायाने खेळायचं. आज प्रशिक्षकांच्या परवाना अभ्यासक्रमात हेच आम्हाला नवीन नावं देऊन शिकवतात! मी स्वतः हा 'उलट्या पायाचा' सराव बारा वर्षांच्या पोरांकडून करून घेतो. पहिला आठवडा रडारड असते, तिसऱ्या आठवड्यात पोरं दोन्ही बाजूंनी वळायला लागतात.

राहीमसाहेबांच्या कामाचा पुरावा हवा असेल तर एकाच प्रतिस्पर्ध्याविरुद्धचे दोन निकाल शेजारी ठेवा. १९५२ मध्ये युगोस्लाव्हियाविरुद्ध १-१०. १९५६ मध्ये मेलबर्नला, ऑलिम्पिकच्या उपांत्य सामन्यात, त्याच युगोस्लाव्हियाविरुद्ध १-४, आणि त्यातही पहिला गोल आपला, नेव्हिल डिसूझा यांचा. दोन्ही वेळा युगोस्लाव्हियाने पुढे रौप्य घेतलं, म्हणजे समोरचा संघ ढेपाळला होता असं म्हणायला जागा नाही. नेव्हिल आपल्या मुंबईच्या टाटा स्पोर्ट्‌स क्लबचे. उपांत्यपूर्व फेरीत यजमान ऑस्ट्रेलियाला आपण ४-२ ने हरवलं तेव्हा त्यांनी हॅटट्रिक केली होती. ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये आशियाई खेळाडूची ती पहिली हॅटट्रिक. स्पर्धेत सर्वाधिक गोल करणाऱ्यांत चार गोलांसह त्यांचं नाव बरोबरीने पहिलं. मुंबईत त्यांच्या नावाची ओळख किती जणांना आहे, हा प्रश्न मी दरवर्षी नव्या तुकडीला विचारतो आणि दरवर्षी हिरमुसतो.

आता वहीतला नावडता रकाना. मेलबर्नमध्ये पहिल्या फेरीत आपल्यासमोर हंगेरी होती. तिथल्या उठावानंतर हंगेरीच्या फुटबॉल संघाने माघार घेतली आणि आपल्याला पुढे चाल मिळाली. म्हणजे चौथा क्रमांक एका विजयावर आला. कांस्यपदकाच्या सामन्यात बल्गेरियाने ३-० ने हरवलं. चौथा क्रमांक खोटा नाही, पण माझ्या मते त्यापेक्षा १९६० चं रोम जास्त दमदार होतं, जिथे आपण गटात शेवटचे आलो. हंगेरीकडून २-१ ने निसटता पराभव (त्यांनी पुढे कांस्य घेतलं), फ्रान्सशी १-१ बरोबरी, त्यात गोल कर्णधार पी. के. बॅनर्जींचा, आणि पेरूकडून १-३. तीन सामने, तीन तगडे प्रतिस्पर्धी, एकदाही दाणादाण नाही. तक्ता म्हणतो 'पहिल्या फेरीत बाद'. तक्त्याला एवढंच कळतं.

आणि मग १९६२, जाकार्ताचे आशियाई खेळ. इस्रायल आणि तैवानला इंडोनेशियाने प्रवेश नाकारला, त्यावर भारताचे क्रीडा प्रशासक गुरुदत्त सोंधी यांनी जाहीर आक्षेप घेतला आणि शहर आपल्याविरुद्ध पेटलं. जमावाने भारतीय दूतावासावर हल्ला केला. अशा वातावरणात पहिला सामना दक्षिण कोरियाकडून २-० ने गमावला. मग थायलंडला ४-१, जपानला २-०. थायलंडविरुद्ध जरनैलसिंग यांचं डोकं फुटलं, टाके पडले. बचावाचा खांबच तो, पण टाके घातलेल्या डोक्याने बचावात हेडिंग करणार कसं? राहीमसाहेबांनी काय केलं तर त्यांना सेंटर फॉरवर्डला उभं केलं! उपांत्य सामन्यात दक्षिण व्हिएतनामविरुद्ध ३-२ च्या विजयात जरनैलनी गोल केला. ४ सप्टेंबरला अंतिम सामना, समोर पुन्हा दक्षिण कोरिया. गोलकीपर पीटर थंगराज तापातून उठलेले. त्रिलोकसिंग पायाच्या दुखापतीसह मैदानात. लाखाच्या घरातली गर्दी आपल्याविरुद्ध ओरडत असताना १७ व्या मिनिटाला पी. के. आणि २० व्या मिनिटाला जरनैल. शेवटी एक गोल खाल्ला, पण २-१ ने सुवर्ण आपलं. कर्णधार चुनी गोस्वामी. मधल्या फळीत फॉर्चुनातो फ्रँको, तेही टाटांचेच.

सांगायचं ते हे की जरनैलना पुढे पाठवण्याचा निर्णय जुगार वाटतो, पण तसा तो नव्हता. राहीमसाहेबांकडे बचावात अरुण घोष होता, म्हणून मागे भगदाड पडलं नाही. पर्याय असले की धाडस करता येतं. तेव्हा आपल्याकडे एका जागेला दोन-दोन उत्तम खेळाडू होते, कारण हैदराबाद, कोलकाता, मुंबई, पंजाब आणि बंगळुरू अशी पाच-सहा केंद्रं एकाच वेळी जिवंत होती. जून १९६३ मध्ये राहीमसाहेब कर्करोगाने गेले. जाकार्तातच ते आजारी होते.

१९६४ च्या आशियाई चषकात आपण उपविजेते, हेही आजोबांनी सांगितलं असेल. दक्षिण कोरियाला २-० आणि हाँगकाँगला ३-१ ने हरवलं, यजमान इस्रायलकडून ०-२ ने हरलो. इथेही रकाना: अंतिम स्पर्धेत चारच संघ, आणि आपल्या पात्रता गटातल्या बाकीच्यांनी माघार घेतलेली. १९७० मध्ये बँकॉकला सय्यद नईमुद्दीन यांच्या नेतृत्वाखाली जपानला १-० ने हरवून आशियाई खेळांचं कांस्य घेतलं. वरिष्ठ संघाला आशियाई खेळांत मिळालेलं ते शेवटचं पदक.

आता घसरणीच्या प्रश्नाकडे येतो. १९६२ मध्ये ज्या जपानला आपण २-० ने हरवलं, त्याने १९६८ च्या मेक्सिको ऑलिम्पिकमध्ये कांस्य मिळवलं. उत्तर कोरिया १९६६ च्या वर्ल्डकपमध्ये इटलीला हरवून उपांत्यपूर्व फेरीत पोहोचला. इराणने १९६८, १९७२ आणि १९७६ असे सलग तीन आशियाई चषक जिंकले. कुवेत १९८० चा आशियाई विजेता आणि १९८२ च्या वर्ल्डकपमध्ये हजर. या सगळ्या काळात भारताने वर्ल्डकप पात्रता फेरीचा पहिला सामना कधी खेळला माहीत आहे? १९८५ मध्ये. पस्तीस वर्षांपूर्वी एकदा न खेळता पात्र झालो होतो, त्यानंतर थेट तेव्हा. बांगलादेशला दोन्ही वेळा हरवून आपण गटात इंडोनेशियाच्या मागे दुसरे आलो. बरं, इतकी चांगली सुरुवात झाल्यावर पुढे काय केलं? १९९० च्या पात्रता फेरीतून माघार घेतली!

मग आपण करत काय होतो? घरात खेळत होतो. ड्युरंड, रोव्हर्स, आयएफए शील्ड, संतोष ट्रॉफी, कोलकाता लीग. मैदानं तुडुंब भरत. कूपरेजवर रोव्हर्सचे सामने बघायला शाळा बुडवून गेलेल्यांपैकी मीही एक, त्यामुळे त्या स्पर्धांबद्दल वाकडं बोलताना जीभ जड होते. पण त्या सगळ्या बाद पद्धतीच्या, तुकड्यातुकड्यांच्या स्पर्धा होत्या, आणि बऱ्याच ठिकाणी सामना ७० मिनिटांचा असे. ९० मिनिटं एका लयीत खेळायची सवय आंतरराष्ट्रीय सामन्यातच लावायची म्हणजे परीक्षेच्या हॉलमध्ये धडा वाचायला घेण्यासारखं. दक्षिण कोरियाची व्यावसायिक लीग १९८३ मध्ये सुरू झाली, जपानची १९९३ मध्ये. आपली राष्ट्रीय लीग १९९६ मध्ये, तीही अर्धीमुर्धी. पाया रचायला तेरा वर्षं उशीर झाला तर इमारत किती वर्षं मागे पडते, हे मुलांच्या फुटबॉलमध्ये काम करणाऱ्याला विचारा. एक पिढी म्हणजे दहा वर्षं. उशिराने सुरू केलेल्या कामाचं फळ त्याच्याही पुढच्या दहा वर्षांनी दिसतं.

ऐंशीचं आणि नव्वदचं दशक पटकन उरकतो. १९८४ मध्ये युगोस्लाव्ह प्रशिक्षक मिलोव्हान चिरिच यांच्या हाताखाली आपण आशियाई चषक गाठला. सिंगापूरला चार सामन्यांत एक गोलशून्य बरोबरी (तीही इराणशी) आणि तीन पराभव, गोल एकही नाही. तरी माझ्या मते आपल्या पाच आशियाई चषकांपैकी हा प्रवेश सगळ्यात कष्टाचा होता, कारण तेव्हा अंतिम स्पर्धेत जागाच दहा होत्या. नेहरू चषक ही आपल्याकडची आंतरराष्ट्रीय आमंत्रितांची स्पर्धा १९८२ पासून सुरू झाली, मोठमोठे संघ कोलकात्यात आले. १९८४ मध्ये अर्जेंटिनाने आपल्याला फक्त १-० ने हरवलं, त्याची चर्चा अजून होते. पण नेहरू चषकात हरल्याने काही जात नव्हतं. माझ्या वहीत त्या सामन्यांसमोर तिसरा रकाना कोरा आहे.

एक पात्रता फेरी मात्र ठसठशीत लक्षात राहिली आहे, २००१ ची. प्रशिक्षक सुखविंदर सिंग. बंगळुरूला संयुक्त अरब अमिरातीला १-० ने हरवलं. ब्रुनेईला दोनदा हरवलं. येमेनशी दोन्ही सामने बरोबरीत सुटले. सहा सामन्यांत ११ गुण. अमिरातीचे १२. येमेनविरुद्धच्या दोन सामन्यांपैकी कुठल्याही एकात आणखी एक गोल झाला असता तर आपण गटात पहिले आलो असतो. वर्ल्डकपच्या वाटेवर पुढच्या फेरीच्या इतक्या जवळ आपण त्याआधी कधी पोहोचलो नव्हतो. १९५० च्या बुटांवर शंभर लेख सापडतात, येमेनविरुद्धच्या त्या हुकलेल्या एका गोलावर मी एकही वाचलेला नाही.

आता दक्षिण आशियाई विजेतेपदांबद्दल, कारण आकडेवारीत सगळ्यात जास्त फसवणूक इथे होते. सॅफ स्पर्धा आपण नऊ वेळा जिंकली: १९९३, १९९७, १९९९, २००५, २००९, २०११, २०१५, २०२१ आणि २०२३. शेजाऱ्यांत आपण थोरले आहोत यात वाद नाही. पण नेपाळ, मालदीव, श्रीलंका, भूतान यांच्यापुढे दादागिरी करून आशियात आपण कुठे आहोत ते कळत नाही. २०२३ ला पाहुणे म्हणून कुवेत आणि लेबनॉन आले होते, म्हणून ते विजेतेपद मी थोडं वर धरतो. तरी कुवेतविरुद्धचा अंतिम सामना १-१ असा पेनल्टींवर गेला होता आणि तोही बंगळुरूत.

क्रमवारीचंही तसंच. आपला सर्वोत्तम क्रमांक ९४, फेब्रुवारी १९९६ मधला. सर्वांत खालचा १७३, मार्च २०१५ मधला. १९९६ मध्ये आपण भारी होतो आणि २०१५ मध्ये टाकाऊ, असा अर्थ काढू नका. मोजण्याची पद्धत मधे अनेकदा बदलली. २०१८ पासून जी पद्धत आहे ती बुद्धिबळातल्या मानांकनासारखी चालते. समोरचा किती बलवान आहे त्यावरून तुमच्याकडून किती अपेक्षा आहे ते ठरतं आणि निकाल त्याहून वर गेला की गुण मिळतात, खाली गेला की कापले जातात. मैत्रीपूर्ण सामन्याचं वजन ५ किंवा १०, वर्ल्डकप किंवा आशियाई चषकाच्या पात्रता सामन्याचं २५, आशियाई चषकाच्या अंतिम स्पर्धेतल्या सामन्याचं ३५ पासून पुढे. म्हणून घरच्या मैदानावर चार छोट्या लढती जिंकून हळूहळू शंभरीत शिरता येतं, आणि पात्रता फेरीत दुबळ्या संघाकडून एकदा हरलं की ती सगळी कमाई एका रात्रीत जाते. २०२३ ते २०२५ मध्ये आपलं नेमकं हेच झालं.

आशियाई चषकाचा पूर्ण हिशोब देतो, कारण माझ्या लेखी खरी पट्टी ती आहे. पाच वेळा सहभाग: १९६४, १९८४, २०११, २०१९, आणि २०२३ ची जी प्रत्यक्षात जानेवारी २०२४ मध्ये कतारला झाली ती. एकूण १६ सामने, ३ विजय, १ बरोबरी, १२ पराभव. १२ गोल केले, ३३ खाल्ले. तीनपैकी दोन विजय १९६४ चे. म्हणजे त्यानंतरच्या साठ वर्षांत आशियाच्या मुख्य स्पर्धेत आपण एक सामना जिंकला आहे, ६ जानेवारी २०१९ रोजी थायलंडविरुद्ध ४-१. त्या सामन्याने थायलंडच्या प्रशिक्षकाची नोकरी गेली. पण आपणही पुढे अमिरातीकडून ०-२ आणि बहारीनविरुद्ध भरपाई वेळेतल्या पेनल्टीवर ०-१ असे हरून घरी आलो. बरोबरी पुरली असती, आणि नव्वद मिनिटं ती हातात होती.

२०११ ला आपण गेलो ते २००८ चा चॅलेंज चषक जिंकून. दिल्लीत ताजिकिस्तानला ४-१, सुनील छेत्रीची हॅटट्रिक. ती स्पर्धा फुटबॉलमध्ये मागे असलेल्या देशांसाठी होती. दोहाला ऑस्ट्रेलियाने ४, बहारीनने ५ आणि दक्षिण कोरियाने ४ गोल मारले. गोलमध्ये सुब्रतो पाल नसता तर आकडे आणखी वाईट दिसले असते. २०१९ पासून स्पर्धा २४ संघांची झाली आणि दार रुंद झालं. १९६४ चा चार संघांतला दुसरा क्रमांक आणि २०२४ चा गट फेरीतला पराभव एकाच पट्टीने मोजू नयेत. मात्र शेवटच्या स्पर्धेत ऑस्ट्रेलिया, उझबेकिस्तान आणि सीरियाविरुद्ध २७० मिनिटांत एकही गोल नाही, याला कुठलीही पट्टी लावा, ते वाईटच.

इथे प्रशिक्षक म्हणून माझं निरीक्षण. सप्टेंबर २०१९ मध्ये आशियाई विजेत्या कतारला त्यांच्याच घरी आपण ०-० वर रोखलं. गोलकीपर गुरप्रीतसिंग संधू त्या रात्री भिंत होता, आणि छेत्री आजारी असल्याने मैदानातच नव्हता. पुढच्याच महिन्यात कोलकात्यात बांगलादेशविरुद्ध १-१, तेही ८८ व्या मिनिटाच्या गोलावर. मग अफगाणिस्तानशी १-१. गेल्या काही वर्षांचे निकाल वाचलेत तर हीच नक्षी पुन्हा पुन्हा दिसेल. नोव्हेंबर २०२३ मध्ये कुवेतला कुवेतमध्ये १-० ने हरवलं. मार्च २०२४ मध्ये अफगाणिस्तानशी परक्या मैदानावर ०-०, आणि गुवाहाटीत त्यांच्याकडून १-२, तोही छेत्रीचा १५० वा सामना. चेंडू समोरच्याकडे असला की आपण शिस्तीने बचाव करतो आणि जमेल तेव्हा धावतो. समोरचा संघ मागे दाटी करून बसला आणि आता तुम्हीच खेळा म्हणाला की आपण आडवे-तिडवे पास देत राहतो, मग कंटाळून एक लांब चेंडू फेकतो. ते कुलूप उघडायला दोन गोष्टी लागतात. वळता वळता पास देणारा मधल्या फळीतला खेळाडू, आणि अर्ध्या संधीवर गोल करणारा स्ट्रायकर. दुसरी गोष्ट वीस वर्षं एकाच माणसाने पुरवली. जून २००५ मध्ये क्वेट्टाला पाकिस्तानविरुद्ध पदार्पणात गोल करणारा छेत्री, जून २०२४ मध्ये निवृत्त होताना १५१ सामन्यांत ९४ गोल. क्लबांनी मधल्या काळात गोल करायची कामं परदेशी खेळाडूंना दिली, आपली पोरं विंगवर पळत राहिली. परिणाम असा की मार्च २०२५ मध्ये चाळिशीतल्या छेत्रीला परत बोलवावं लागलं, आणि त्याने मालदीवविरुद्ध गोल केलाही.

एक जोडी बघा म्हणजे 'घरी' आणि 'बाहेर' यातला फरक कळेल. जून २०२२, आशियाई चषकाची पात्रता फेरी, तिन्ही सामने कोलकात्यात. कंबोडिया २-०, अफगाणिस्तान २-१, हाँगकाँग ४-०. जून २०२५, तीच पात्रता फेरी, सामना हाँगकाँगमध्ये, निकाल ०-१. ऑक्टोबरमध्ये मडगावला सिंगापूरकडून १-२ ने हरलो आणि २०२७ च्या आशियाई चषकाचं दार बंद झालं. नोव्हेंबरमध्ये ढाक्यात बांगलादेशने १-० ने हरवलं, २००३ नंतर प्रथमच. त्यांच्याकडे आता इंग्लंडमध्ये घडलेला हमजा चौधरी आहे. आपल्या कायद्यात दुहेरी नागरिकत्व नाही, त्यामुळे परदेशात वाढलेल्या भारतीय वंशाच्या मुलाला पासपोर्ट सोडल्याशिवाय निळी जर्सी मिळत नाही. ही अडचण खरी आहे, पण तिच्यामागे लपायला आपल्याला फार आवडतं. सिंगापूरने मडगावला आपल्याला हरवलं तेव्हा आपण आघाडीवर होतो, हे मी सोडून द्यायला तयार नाही.

पुढच्या वेळी कुणी 'आपण ऑलिम्पिकमध्ये चौथे होतो, आता पात्रही ठरत नाही' असं म्हटलं, तर एक गोष्ट आठवण करून द्या. १९९२ पासून ऑलिम्पिक फुटबॉल २३ वर्षांखालच्या संघांचं आहे, आशियाई खेळ २००२ पासून. ज्या स्पर्धांत आपल्या वरिष्ठ संघाने नाव कमावलं, त्यात तो आता खेळतच नाही. आणि महिला संघाचा आलेख कुणी विचारत नाही म्हणून मीच सांगतो. १९८० च्या सुमारास त्या दोनदा आशियाई स्पर्धेच्या उपविजेत्या होत्या, आणि जुलै २०२५ मध्ये थायलंडला त्यांच्याच घरी २-१ ने हरवून २०२६ च्या आशियाई चषकाला पात्र ठरल्या. दोन्ही गोल संगीता बासफोरचे.

राहिला शेवटचा प्रश्न, १९६२ विरुद्ध आज. सरळ सामना लावला तर आजचा संघ जिंकेल. अंगात दम जास्त आहे, आहार, व्यायाम, विश्लेषण सगळं वेगळ्या युगातलं आहे, आणि पन्नासाव्या मिनिटानंतर १९६२ च्या मंडळींना आजच्या धावण्याचा वेग झेपणार नाही. ७० मिनिटांच्या सवयीची माणसं ती. पण पहिल्या अर्ध्या तासात चुनी, बलराम आणि पी. के. या आघाडीच्या तिघांच्या पायात चेंडू असताना आजच्या बचावफळीने त्यांना किती वेळा अडवलं असतं, याबद्दल मला खात्री नाही. आणि कॉर्नर मिळाला असता तर टाके घातलेल्या डोक्यानिशी जरनैल पुढे आले असते. त्यांना उडी मारताना अडवायला मी आज कुणाला उभं केलं असतं, यावर कालच सरावानंतर पोरांशी वाद झाला. बचावपटू संदेश झिंगन, असं बहुतेकांचं म्हणणं. एका डाव्या बॅकने मात्र हात वर करून विचारलं, "सर, पण जरनैल पुढे आले तर मागे कोण राहिलं?" अरुण घोष, मी म्हणालो, आणि त्याने नाव वहीत लिहून घेतलं.